शिक्षकाचा धीर आणि विद्यार्थ्याचा वेळ

मराठीत ‘धीर’ हा शब्द दोन क्रियापदांबरोबर नित्य येतो. धीर धरावयाचा असतो आणि धीर द्यावयाचाही असतो. पहिली क्रिया स्वतःपुरती आहे, तर दुसरी दुसऱ्यासाठी. अध्यापनाच्या व्यवसायात या दोहोंमध्ये कार्यकारणसंबंध आहे. शिक्षक ज्या प्रमाणात धीर धरतो, त्या प्रमाणात विद्यार्थ्याला धीर येतो. हे सामान्य अनुभवाने कोणासही पटण्यासारखे आहे. तथापि आपल्या प्रशिक्षण महाविद्यालयांत धीराचा उल्लेख होतो तो शिक्षकाच्या अंगी असावयाच्या गुणांच्या यादीत. वक्तशीरपणा, प्रसन्न मुद्रा, स्पष्ट वाणी आणि शेवटी धीर. एखाद्याचा स्वभाव शांत असावा किंवा नसावा, तसा हा गुणही कोणाजवळ असतो व कोणाजवळ नसतो, अशी समजूत त्यातून रूढ होते. मग तो शिकविण्याचा किंवा तपासण्याचा प्रश्नच उरत नाही. प्रस्तुत लेखात धीराचा विचार स्वभावाचा गुण म्हणून न करता वर्गात प्रत्यक्ष मोजता येणारी एक राशी म्हणून करावयाचा आहे. ती राशी म्हणजे वेळ.

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. छात्राध्यापकांचे पाठ मागच्या बाकावर बसून पाहणे हे प्रस्तुत लेखकाचे अनेक वर्षांचे काम आहे. इयत्ता पाचवीच्या वर्गात अपूर्णांकांचा पाठ चालला होता. छात्राध्यापिकेने प्रश्न केला, “एकतृतीयांश मोठा की एकचतुर्थांश?” आणि तिसऱ्या ओळीतील एका मुलीला उभे केले. मुलगी उठली, तिने फळ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या बोटांकडे पाहिले. तोच बाई म्हणाल्या, “अगं, सोपं आहे. भाकरीचे तीन तुकडे केले तर मोठे होतील की चार केले तर?” आणि त्याच श्वासात, “कोण सांगेल?” पहिल्या बाकावरील हात वर झाले, उत्तर आले, “शाबास” झाले आणि पाठ पुढे सरकला. मुलगी खाली बसली. मोजले असता या सर्व प्रसंगाला सहा सेकंदही लागले नव्हते, आणि त्यांपैकी मुलीच्या वाट्याला आलेले मौन एका सेकंदाच्या आसपासचे होते.

पाठटाचणाच्या दृष्टीने यात काहीच उणे नव्हते. टाचणात एक रकाना ‘प्रश्न’ असा आणि दुसरा ‘अपेक्षित उत्तर’ असा असतो. दोन्ही रकाने यथासांग भरले गेले. त्या दोन रकान्यांच्या मध्ये काय घडावयाचे असते, यासाठी मात्र टाचणात जागाच नसते. ती मुलगी त्या क्षणी बहुधा ‘तीनपेक्षा चार मोठे’ या पूर्णांकांच्या नियमाशी झगडत असावी. हा नियम तिला शाळेनेच चार वर्षे शिकविलेला आहे. अपूर्णांकाच्या छेदात तो उलटा होतो, हे समजून घेण्यासाठी जुना नियम क्षणभर बाजूला ठेवावा लागतो, आणि हे काम एका सेकंदात होण्यासारखे नाही.

वर्गातील या मौनाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान-शिक्षण संशोधिकेने केला. प्राथमिक शाळांतील विज्ञानाचे पाठ त्यांनी ध्वनिमुद्रित केले आणि शिक्षकाचा प्रश्न संपल्यापासून पुढील शब्द उच्चारला जाईपर्यंतचा काळ मोजला. सहा वर्षांच्या या कामाचे निष्कर्ष त्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. तीनशेहून अधिक ध्वनिफितींच्या विश्लेषणात प्रश्नानंतरच्या प्रतीक्षेची सरासरी केवळ एक सेकंद भरली. तेवढ्या अवधीत मुलाने तोंड उघडले नाही, तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारीत, तो बदलीत किंवा दुसऱ्या मुलाकडे वळत. रो यांनी आणखी एक मौन वेगळे ओळखले. ते मुलाच्या उत्तरानंतरचे. मूल बोलून थांबले की शिक्षकाची प्रतिक्रिया किंवा पुढचा प्रश्न ०.९ सेकंदात येत असे.

या दुसऱ्या मौनाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः दोहोंत अधिक मोलाचे तेच असावे असे वाटते. बोलणारे मूल एका दमात वाक्य पूर्ण करीत नाही. एखादा तुकडा उच्चारून ते थांबते, पुढचा विचार गोळा करते आणि मग ‘कारण’ किंवा ‘पण’ असे म्हणून वाक्य पुढे नेते. शिक्षक मधल्या विरामालाच उत्तराचा शेवट समजला, तर त्याला मुलाचे अनुमान ऐकू येते, पण त्याचा आधार ऐकू येत नाही. आणि विज्ञान काय किंवा गणित काय, जे शिकवावयाचे ते त्या ‘कारण’नंतरच येते. घाईने दिलेली शाबासकीसुद्धा येथे अडथळाच ठरते. ‘बरोबर!’ हा शब्द ऐकला की मूल बोलणे थांबवते आणि इतर मुले विचार करणे थांबवतात.

शिक्षकांना प्रशिक्षण देऊन ही प्रतीक्षा तीन ते पाच सेकंदांपर्यंत नेली असता काय घडते, हे रो यांनी पुढे नऊशेहून अधिक ध्वनिफितींवरून तपासले. उत्तरांची लांबी वाढली. न विचारता परंतु प्रसंगाला धरून बोलणाऱ्या मुलांची संख्या वाढली, आणि काहीच उत्तर न येण्याचे प्रसंग कमी झाले. उत्तराच्या शेवटी आवाज चढवून जणू शिक्षकालाच ‘बरोबर ना?’ असे विचारण्याची जी लकब मुलांत आढळते, ती उणावली. संशोधिकेने हे आत्मविश्वास वाढल्याचे लक्षण मानले. पुराव्यावरून अनुमान काढणारी विधाने वाढली, मुले एकमेकांच्या निरीक्षणांशी आपली निरीक्षणे ताडून पाहू लागली आणि त्यांनी स्वतः विचारलेल्या प्रश्नांची संख्याही वाढली. शिवाय ज्यांना शिक्षकांनी आधी ‘मंद’ म्हणून गणले होते, त्या मुलांकडून येणाऱ्या उत्तरांचे प्रमाण वाढले.

हा शेवटचा निष्कर्ष सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्यावर थोडे थांबणे अवश्य आहे. एखादे मूल मंद आहे असे आपण कशावरून ठरवतो? वर्गात त्याने दिलेल्या, अधिक करून न दिलेल्या, उत्तरांवरून. परंतु ते उत्तर देण्यास किती वेळ मिळाला हे जर आपणच ठरवीत असू, तर ‘मंद’ या निदानात रोग्याचा भाग किती आणि वैद्याचा किती, हे सांगणे कठीण होते. जेरी ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी १९७० मध्ये पहिलीच्या चार वर्गांतील शिक्षकांचे वर्तन नोंदवून प्रसिद्ध केले. ज्या मुलांविषयी शिक्षकांची अपेक्षा उच्च होती, ती उत्तराला अडखळली तर शिक्षक प्रश्न पुन्हा सांगत, सुचवीत, आणखी एक संधी देत. ज्यांच्याविषयी अपेक्षा कमी होती, त्यांच्या बाबतीत शिक्षक लवकर माघार घेत. म्हणजे ज्याला वेळेची गरज अधिक त्याच्या वाट्याला वेळ कमी, असा उलटा व्यवहार होता. यात शिक्षकाची दुष्टबुद्धी मुळीच नसते. उलट, अडखळणाऱ्या मुलाला चारचौघांत लाजविणे नको, या दयेपोटीच तो प्रश्न चटकन दुसऱ्याकडे नेतो. परंतु ‘हिला येणार नाही’ हा त्या दयेत दडलेला निर्णय मुलीला, आणि तिच्याबरोबर सबंध वर्गाला, अचूक कळतो.

आपल्याकडे यात आणखी एक थर मिसळतो. ज्या मुलाच्या घरी अहिराणी, वारली, गोंडी किंवा कोरकू बोलली जाते, त्याला पुस्तकी मराठीतील प्रश्न आधी स्वतःच्या बोलीत उतरवून घ्यावा लागतो, तेथे विचार करावा लागतो आणि उत्तर पुन्हा शाळेच्या भाषेत आणावे लागते. तीन टप्प्यांचे हे काम शेजारच्या मुलाला एका टप्प्यात करावयाचे असते. दोघांनाही एकच सेकंद देणे याला समान वागणूक म्हणता येईल काय?

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाहीतर या विवेचनाचा विपर्यास व्हावयाचा. प्रतीक्षा ही सर्व प्रश्नांना सारखीच लागू पडणारी मात्रा नव्हे. “सात आठे किती?” या प्रश्नापुढे पाच सेकंद थांबल्याने फारसे काही साधत नाही, पाढा पाठ असेल तर तो लगेच येतो आणि नसेल तर मौनातून उगवत नाही. केनेथ टोबिन यांनी १९८७ मध्ये या विषयावरील संशोधनाचा समग्र आढावा घेतला. दीर्घ प्रतीक्षेचा लाभ मुख्यतः विचाराला चालना देणाऱ्या प्रश्नांच्या बाबतीत अपेक्षिता येतो, असाच त्याचा रोख आहे. तसेच मौन दोन प्रकारचे असते. हातात छडी असलेला शिक्षकही थांबतो, परंतु त्याच्या थांबण्याने मुलाची बुद्धी गोठते. शिक्षकाची मुद्रा, त्याची नजर आणि चूक झाली तर पुढे काय होणार याविषयीचा मुलाचा पूर्वानुभव, यांवरून तेच तीन सेकंद आधार ठरतात किंवा शिक्षा.

‘एवढा वेळ आणावा कोठून?’ हा आक्षेप यावर शिक्षकांकडून हमखास येतो. त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत शिक्षकाने ४० प्रश्न विचारले असे धरू. प्रत्येक प्रश्नानंतर एकाऐवजी तीन सेकंद थांबल्यास ८० सेकंद अधिक लागतील; प्रत्येक उत्तरानंतरही तसेच थांबल्यास आणखी ८०. म्हणजे एकंदर दोन मिनिटे चाळीस सेकंद. अर्थात उत्तरे लांबली की तास त्याहून अधिक खर्ची पडेल, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो वेळ मौनात नव्हे, तर मुलांच्या बोलण्यात खर्ची पडेल. आणि प्रश्नांची संख्याच ४० वरून २० वर आणण्यास कोणाची हरकत असावी, असे वाटत नाही.

तासिकेच्या मर्यादेबाहेर पाहिले तर धीराचा प्रश्न अधिक व्यापक होतो. येथे जॉन कॅरल या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलेली शालेय अध्ययनाची उपपत्ती लक्षात घेण्याजोगी आहे. कॅरल यांचे मूळ काम परभाषा शिकण्याच्या पात्रतेसंबंधीचे होते. तेथून ते अशा विचारापर्यंत आले की, पात्रता म्हणजे एखादा मनुष्य किती शिकू शकेल याची मर्यादा नसून, ठराविक गोष्ट शिकण्यास त्याला किती वेळ लागेल याचे माप होय. मग अध्ययनाची मात्रा एका गुणोत्तरावर अवलंबून राहते: प्रत्यक्ष दिलेला वेळ भागिले आवश्यक असलेला वेळ. यात दिलेला वेळ हा शाळेने उपलब्ध केलेल्या अवधीवर आणि विद्यार्थ्याच्या चिकाटीवर अवलंबून असतो. आवश्यक वेळ हा पात्रतेवर, अध्यापनाच्या दर्जावर आणि ते समजण्याच्या विद्यार्थ्याच्या क्षमतेवर. अध्यापन जितके निकृष्ट तितका आवश्यक वेळ अधिक, ही त्यातील खोच शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. म्हणजे आधी स्वतः सदोष समजावून सांगावयाचे आणि मग ‘याला फार वेळ लागतो’ असे म्हणावयाचे, ही तक्रार अंशतः आपल्यावरच उलटते.

आपली शाळा याच्या नेमके उलट चालते. तीत वेळ सर्वांना सारखा आणि शिकणे कमीजास्त. बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये कॅरल यांच्या उपपत्तीच्या आधारे हे समीकरण फिरविण्याचा आग्रह धरला: शिकणे सर्वांचे सारखे व्हावे आणि वेळ कमीजास्त असावा. योग्य साहाय्य व पुरेसा वेळ मिळाल्यास बहुतेक सर्व विद्यार्थी विषयावर प्रभुत्व मिळवू शकतात, असा त्यांचा दावा होता. पुढील काळात या दाव्यावर पुष्कळ वाद झाला. जलद शिकणाऱ्यांनी तोवर काय करावे, हा त्यातील सर्वांत व्यावहारिक मुद्दा आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मोठ्या वर्गात सापडणे सोपे नाही. तरीही ‘किती’ या प्रश्नाच्या जागी ‘किती वेळात’ हा प्रश्न ठेवल्याने मुलाकडे पाहण्याची दृष्टी पालटते, एवढे या विचाराचे ऋण मान्य केले पाहिजे.

प्रगती दिसत नसताना धीर धरणे ही आणखी वेगळी गोष्ट आहे. विल्यम ब्रायन व नोबल हार्टर यांनी १८९७ व १८९९ मध्ये तारायंत्राचे काम शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख प्रसिद्ध केले. संदेश पाठविण्याचा वेग बऱ्यापैकी सलग वाढत जाई. संदेश ऐकून उतरविण्याचा वेग मात्र काही काळ वाढून मग सपाट होई. आठवड्यांमागून आठवडे सराव चालू असूनही आलेख हलत नसे, आणि नंतर तो पुन्हा चढू लागे. त्यांनी याची उपपत्ती अशी लावली की, या सपाट काळात शिकणारा अक्षरे ओळखण्याची सवय पक्की करीत असतो आणि ती पक्की झाल्यावरच सबंध शब्द, पुढे शब्दसमूह, एकेक घटक म्हणून ऐकू येऊ लागतात. येथेही अतिरेक नको. असे पठार प्रत्येक कौशल्यात व प्रत्येक शिकाऊ माणसात येतेच असे नाही; फ्रेड केलर यांनी १९५८ मध्ये तर खुद्द तारायंत्राच्या बाबतीतच त्याच्या अस्तित्वाविषयी शंका घेतली.

परंतु ज्यांनी पहिली-दुसरीला वाचन शिकविले आहे, त्यांना अशा काळाची ओळख सांगावी लागत नाही. मुलाला मुळाक्षरे येतात, काना-मात्रा येतात; मात्र ‘कमळ’ हा शब्द समोर आला की ते ‘क’ म्हणते, ‘म’ म्हणते, ‘ळ’ म्हणते आणि थांबते. तिसऱ्या अक्षरापर्यंत पोचेतो पहिले निसटलेले असते, कारण प्रत्येक अक्षर ओळखण्यातच त्याचे सारे अवधान खर्ची पडते. घरची मंडळी या टप्प्यावर घाबरतात. शिक्षकही कधी कधी ‘अक्षरओळखच कच्ची’ असे ठरवून मुलाला पुन्हा पहिल्या पानावर नेतात. वस्तुतः येथे हवे असते ते लहान-लहान, परिचित शब्दांचे भरपूर वाचन. नुसते थांबून राहणे म्हणजे धीर नव्हे. आज फळ दिसत नसले तरी योग्य काम चालू ठेवणे, हाही त्याचाच भाग आहे. एके दिवशी तेच मूल दुकानाची पाटी वाचते आणि कोणी शिकविले हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

महाराष्ट्रात अशा धीराचे ठळक उदाहरण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्यात आहे. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे, तत्कालीन ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. बालवाडी उघडली म्हणजे मुले येतील, ही शहरी अपेक्षा तेथे टिकणारी नव्हती. वाड्यांवरील मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तेथून पुढे आली. वारली मुले गुरे राखण्यास रानात जात, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले, आणि त्यातून ‘कुरणशाळा’ निर्माण झाली. यातील शैक्षणिक भूमिका वर उल्लेखिलेल्या तीन सेकंदांच्या भूमिकेहून निराळी नाही. मुलाने उत्तर दिले नाही, येथे तर ते शाळेतच आले नाही, तेव्हा ‘याला शिकावयाचे नाही’ असा निकाल न देता, आपण दिलेला वेळ व जागा त्याला सोईची होती काय, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. अनुताई या कामात १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, राहिल्या.

अशा व्यक्तींचे दाखले देऊन सामान्य शिक्षकाला धीराचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु त्याच्या परिस्थितीकडे डोळेझाक करणे न्याय्य होणार नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील कलम २४ शिक्षकाची कर्तव्ये सांगते. त्यात संपूर्ण अभ्यासक्रम विहित मुदतीत पूर्ण करणे हे एक कर्तव्य आहे. आणि प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता अजमावून त्यानुसार जरूर तेथे अधिक शिक्षण देणे हे लगेच पुढचे. दोन्ही कर्तव्ये योग्यच आहेत. मात्र पहिले पूर्ण झाले की नाही हे तपासणी अधिकाऱ्याला वहीवरून पाच मिनिटांत दिसते, आणि दुसरे तसे दिसत नाही. जे दिसते त्याचीच विचारणा होते व ज्याची विचारणा होते तेच केले जाते. शिक्षक घाई करतो ती पुष्कळदा स्वभावाने नव्हे, तर मार्चमध्ये ‘पोर्शन’ संपला काय, असे विचारले जाणार असते म्हणून. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी प्रत्येक घटकासाठी लागणारा वेळ वेगवान विद्यार्थ्यावरून न ठरविता वर्गाच्या मागच्या अर्ध्या भागावरून ठरविला, तर त्यांचे पुस्तक काही पानांनी पातळ होईल. ते तसे व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत शिक्षकाच्या स्वतःच्या हाती जे आहे, ते करून पाहण्यास कोणाची अनुमती लागत नाही. रो यांना ध्वनिफिती व आलेखयंत्रे लागली. आज तेच काम खिशातील मोबाइल करतो. एक तासिका ध्वनिमुद्रित करावी, घरी जाऊन ऐकावी आणि पहिल्या वीस प्रश्नांपुरते तरी प्रश्नानंतरचे व उत्तरानंतरचे मौन घड्याळाने मोजून दोन रकान्यांत लिहावे. तिसऱ्या रकान्यात प्रश्न कोणाला विचारला त्याचे नाव असावे. प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या एका व्याख्यान-तासिकेवर हा प्रयोग केला, तेव्हा पहिल्या रकान्यात एका सेकंदाहून मोठा आकडा फक्त तीनदा आला, आणि तिन्ही वेळी समोर एकच हुशार विद्यार्थी होता. धीरावर व्याख्याने देणाऱ्या माणसाची ती तासिका होती. छात्राध्यापकांना ती फीत ऐकविल्यानंतर पुढील पाठांच्या टाचणांत ‘प्रश्न’ आणि ‘अपेक्षित उत्तर’ या दोन रकान्यांच्या मध्ये एक अरुंद कोरा रकाना आखण्याची सूचना त्यांनीच केली. गेली दोन वर्षे तो आखला जात आहे. त्यात काय लिहावयाचे, हे अद्याप ठरलेले नाही.